सावरपाडा एक्सप्रेस ते संजीवनी जाधव : नाशिकच्या पोरींना लांब पळायला शिकवणारे विजेंद्रसिंग सर

मिल्खा सिंग यांनी १९५८ साली कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांची शर्यत जिंकली. त्यानंतर राष्ट्रकुलमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला पुढचं पदक मिळायला तब्बल ५२ वर्षं लागली. ते पदक आणलं त्र्यंबकेश्वरच्या पुढे, हरसूलच्या पट्ट्यातल्या सावरपाडा नावाच्या छोट्याशा आदिवासी पाड्यावरच्या एका मुलीनं. नाव कविता राऊत. तारीख ८ ऑक्टोबर २०१०, ठिकाण दिल्ली, शर्यत १०,००० मीटर.

त्या दिवसापासून महाराष्ट्रात ती ‘सावरपाडा एक्सप्रेस’ झाली. केरळच्या पी. टी. उषाला ‘पय्योली एक्सप्रेस’ म्हणायचे, त्याच चालीवर.

पण कविता एकटी नाही. तिच्यानंतर त्याच नाशिकमधून मोनिका आथरे आली, ती जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. मग संजीवनी जाधव आली, तिनं आशियाई स्पर्धेत पदक घेतलं. द्राक्षं, कांदा आणि कुंभमेळ्यासाठी ओळखला जाणारा हा जिल्हा लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींसाठी कधी ओळखला जाऊ लागला, हे अनेकांना कळलंच नाही.

या सगळ्या मुलींमध्ये एक धागा समान आहे. तो म्हणजे त्यांचे प्रशिक्षक, विजेंद्रसिंग.

कोण आहेत विजेंद्रसिंग?

विजेंद्रसिंग हे स्पोर्ट्‌स अथॉरिटी ऑफ इंडियाचे, म्हणजे ‘साई’चे अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षक. नेमणूक नाशिकला. सरावाची जागा भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेली ही शाळा आणि तिचं मोठं आवार नाशिककरांना नवं नाही. सकाळी तिथं फिरायला जाणाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकच दृश्य पाहिलंय : शिट्टी, घड्याळ आणि गोल गोल पळणारी पोरं-पोरी.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. साईचा प्रशिक्षक म्हणजे कुठल्या क्लबचा मालक नाही आणि खासगी अकॅडमीचा संचालकही नाही. तो सरकारी नोकर असतो. १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या. त्यासाठी उभारलेली स्टेडियम सांभाळायची आणि खेळाडू घडवायचे म्हणून १९८४ साली साईची स्थापना झाली. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजे एनआयएस, त्याहून जुनी, १९६१ सालची. १९८७ मध्ये ती साईमध्ये आली. देशभरातले प्रशिक्षक तिथून डिप्लोमा घेतात आणि मग वेगवेगळ्या राज्यांत त्यांची पोस्टिंग होते.

बहुतेक प्रशिक्षक बदल्यांच्या चक्रात एका गावातून दुसऱ्या गावात जातात. नाशिकचं नशीब असं की विजेंद्रसिंग यांचं नाव या शहराशी कायमचं जोडलं गेलं. कविताचा जन्म १९८५ चा, संजीवनीचा १९९६ चा. दोघींच्या वयात अकरा वर्षांचं अंतर आहे, आणि दोघी एकाच सरांच्या हाताखाली तयार झाल्या. नाशिकची गोष्ट वेगळी का, याचं अर्धं उत्तर या अकरा वर्षांत आहे.

एकाच जागी टिकून राहणं एवढं महत्त्वाचं का?

कारण लांब पल्ल्याचा धावपटू दोन वर्षांत तयार होत नाही.

१०० मीटरच्या शर्यतीत उपजत वेग लागतो. तो चौदा-पंधराव्या वर्षी शाळेच्या मैदानावर लगेच दिसतो. १०,००० मीटरचं तसं नाही. ही शर्यत म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. त्यासाठी हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पाठवायला शिकावं लागतं, पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढावं लागतं, हाडं आणि स्नायुबंध रोजच्या धक्क्यांना सरावावे लागतात. हे सगळं हळूहळू होतं. सहा-आठ वर्षं रोज पळाल्यावर शरीर त्या पातळीवर पोचतं.

त्यातही दर आठवड्याला वेगवेगळं पळावं लागतं. एक दिवस सावकाश, लांब. एक दिवस ४०० मीटरच्या दहा-बारा वेगवान फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती. एक दिवस असा वेग की पळणाऱ्याला दम लागतो, पण पाय जड होत नाहीत. या शेवटच्या प्रकारात शरीराला लॅक्टेट सहन करायची आणि वापरायची सवय लागते. कुणाला किती द्यायचं, हे प्रशिक्षकाला ठरवावं लागतं. जास्त झालं तर मुलगी जखमी होते, कमी पडलं तर वेळ सुधारत नाही.

आता विचार करा, दर तीन वर्षांनी प्रशिक्षक बदलला तर काय होईल? नवा माणूस पुन्हा शून्यापासून मुलीचं शरीर समजून घेणार. तोवर तिची बारावी होणार, घरात लग्नाचा विषय निघणार आणि खेळ सुटणार. गावाकडच्या कितीतरी चांगल्या धावपटू मुली अशाच हरवतात.

पण नाशिकच का? इथल्या हवेत काही आहे का?

हा प्रश्न कायम विचारला जातो. सोशल मीडियावर याचं एक ठरलेलं उत्तर फिरत असतं : डोंगरात राहणारी, पाणी आणायला मैलभर चालणारी पोरं असतात, त्यामुळे ती आपोआप पळतात.

यात थोडं तथ्य आहे, पण बरीच गल्लतही आहे.

आधी उंचीचं पाहू. केनियातलं इटेन हे धावपटूंचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर आहे. भारतीय धावपटूंची शिबिरं जिथं होतात ते उटी सुमारे २,२४० मीटरवर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करतं आणि खाली आल्यावर धावपटूला त्याचा फायदा होतो. नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर आहे. एवढ्या उंचीनं रक्तात फरक पडत नाही. नाशिकची हवा कामाला येते ती दुसऱ्या कारणानं. हिवाळ्यातल्या सकाळी इथं चांगली थंडी असते, आणि मुंबईसारखा दमट उकाडा नसल्यानं लांब पळणं जमतं. फायदा आहे, पण तो पुण्यालाही आहे.

मग डोंगराचं काय? हरसूल, पेठ, सुरगाणा हा सगळा सह्याद्रीच्या उतारांचा, गुजरातच्या सीमेला लागलेला आदिवासी भाग. चालणं, चढणं, शेतात राबणं हे लहानपणापासून असतं. कविताही सुरुवातीला अनवाणीच पळायची. अशा मुलांची मूळ दमछाक कमी होते, हे खरं. पण असेच डोंगर नंदुरबारला आहेत, पालघरला आहेत, गडचिरोलीला जंगल आहे. तिथून दर काही वर्षांनी आशियाई पदक आलेलं दिसत नाही.

म्हणजे डोंगर कच्चा माल देतात. तो ओळखून शहरात आणणारा, तिथं ठेवणारा आणि दहा वर्षं सांभाळणारा माणूस नसेल तर डोंगरातली पोर डोंगरातच राहते. नाशिकमध्ये शाळेच्या स्पर्धा होत्या, भोसलाचं मैदान होतं, मराठा विद्या प्रसारक समाजाच्या मॅरेथॉनसारख्या शर्यती होत्या. खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेणारे क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बामही नाशिकचेच. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या बाम सरांनी नेमबाज अंजली भागवत यांच्यासह अनेक खेळाडूंना मार्गदर्शन केलं. २०१७ मध्ये ते गेले. या सगळ्या गोष्टी एका शहरात जमून आल्या आणि मैदानावर रोज उभा राहणारा प्रशिक्षक मिळाला.

प्रशिक्षक नक्की करतो काय?

टीव्हीवर दिसतो तो शिट्टी वाजवणारा माणूस. प्रत्यक्षात पळण्याचं शिकवणं हा त्याच्या दिवसाचा छोटा भाग असतो.

गावाकडून आलेल्या मुलीला आधी राहायला जागा लागते. मग कॉलेजात प्रवेश, हजेरीची सवलत, बूट, दूध-अंडी-डाळ. घरच्यांना पटवावं लागतं की पोरगी शहरात सुरक्षित आहे आणि हे पळणं पुढे पोटापाण्याला लागेल.

त्यात एक मोठा अडथळा असतो, तो म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूसाठी हिमोग्लोबिन म्हणजे इंजिनातलं इंधन. ऑक्सिजन स्नायूंपर्यंत नेण्याचं काम तेच करतं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला कितीही पळवलं तरी तिची वेळ सुधारत नाही, उलट ती आजारी पडते. त्यामुळे चांगला प्रशिक्षक आधी ताट बघतो, मग घड्याळ.

दिल्ली ते ग्वांगझू : ४४ दिवसांत ७४ सेकंद

आता पुन्हा २०१० कडे येऊ. त्या वर्षी कविताच्या दोन शर्यती झाल्या आणि त्या दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली दिल्लीची. केनियाच्या ग्रेस मोमान्यीनं ३२ मिनिटं ३४.११ सेकंदात सुवर्ण घेतलं, तिचीच सहकारी डोरिस चँगेवो दुसरी आली. कविता तिसरी, वेळ ३३ मिनिटं ५.२८ सेकंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात जवळपास २८ सेकंदांचं अंतर होतं. म्हणजे केनियाच्या दोघी पुढे निघून गेल्या होत्या आणि कविता मागे आपला वेग धरून तिसरी जागा राखत होती. राष्ट्रकुलमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

दुसरी शर्यत २१ नोव्हेंबरची, चीनमधल्या ग्वांगझूची. आशियाई क्रीडा स्पर्धा. इथं केरळची प्रीजा श्रीधरन आणि कविता शेवटपर्यंत आघाडीवर होत्या. प्रीजा ३१:५०.४७, कविता ३१:५१.४४. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही भारताला, आणि दोघींत एका सेकंदापेक्षाही कमी अंतर. बहारीनची शिताये एशेते तिसरी आली.

आता हिशोब करा. दिल्लीपेक्षा कविताची वेळ जवळजवळ ७४ सेकंदांनी कमी झाली. २५ फेऱ्यांत वाटली तर दर फेरीला सुमारे ३ सेकंद. दिल्लीत ती एक फेरी सरासरी ७९.४ सेकंदांत पूर्ण करत होती, ग्वांगझूत ७६.५ सेकंदांत.

४४ दिवसांत कुणी एवढं बदलतं का? नाही. शरीर तेच होतं. पण दिल्लीत ऑक्टोबरची गरमी होती आणि बराच वेळ एकटीनं पळायचं होतं. ग्वांगझूत बरोबर पळणारी माणसं होती, वेग ठरलेला होता आणि पदकाचा विश्वास आधीच मिळालेला होता. वर्षानुवर्षांची मेहनत साठलेली असते, योग्य शर्यत मिळाली की ती बाहेर येते. २०१२ मध्ये कविताला अर्जुन पुरस्कार मिळाला.

मग श्रेय कुणाचं?

इथं भारतीय खेळातला एक जुना वाद येतो.

खेळाडू देशपातळीवर चमकला की त्याला राष्ट्रीय शिबिरात बोलावलं जातं. तिथं परदेशी प्रशिक्षक असतात. लांब पल्ल्यासाठी त्या काळात बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह होते. प्रीजा, कविता, सुधा सिंग आणि पुढे साताऱ्याची ललिता बाबर या सगळ्या त्यांच्या शिबिरात घडल्या. शिस्त अतिशय कडक आणि सराव जबरदस्त. ग्वांगझूत प्रीजा-कविताच्या पदकांसोबत सुधानं ३,००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्णही आणलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता त्याच प्रकारात अंतिम फेरीत गेली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. स्नेसारेव्ह यांचं मार्च २०२१ मध्ये पतियाळाच्या एनआयएसमध्येच निधन झालं.

म्हणजे कविताचं पदक स्नेसारेव्ह यांचं की विजेंद्रसिंग यांचं?

सोपं उत्तर असं की दोघांचं. पण काम वेगळं आहे. शिबिरातला प्रशिक्षक तयार खेळाडूला शेवटची धार देतो. गावातला प्रशिक्षक ती तयार होईपर्यंतची वर्षं देतो. त्यातली निम्मी मुलं मध्येच सोडून जाणार, हे त्याला माहीत असतं. शिबिरात बारा जणी असतात आणि त्या सगळ्या निवडून आलेल्या असतात. मैदानावर साठ असतात, त्यातली एखादी तिथवर पोचते. उरलेल्या एकोणसाठ जणींवर घातलेल्या वेळेची नोंद कुठल्याच पदकतालिकेत होत नाही.

पुरस्कार देताना, बक्षिसाची रक्कम वाटताना ‘प्रशिक्षक’ म्हणून कुणाचं नाव लिहायचं, यावरून देशभर भांडणं होतात ती म्हणूनच.

ट्रॅकवरून रस्त्यावर

पुढची काही वर्षं कविता हळूहळू मॅरेथॉनकडे वळली. लांब पल्ल्याच्या धावपटूंचा हा नेहमीचा प्रवास आहे. वय वाढतं तसा शेवटच्या फेरीतला वेग कमी होतो, पण दम टिकून राहतो. मग १० किलोमीटरऐवजी ४२.१९५ किलोमीटर.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं मॅरेथॉनचं सुवर्ण घेतलं, वेळ २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद. ऑलिंपिकची पात्रता वेळ होती २ तास ४५ मिनिटं. सावरपाड्याची मुलगी रिओला निघाली.

रिओत मात्र गोष्ट अवघड झाली. १४ ऑगस्टच्या उन्हात ती १२० वी आली, वेळ २:५९:२९. भारताची दुसरी धावपटू ओ. पी. जैशा ८९ वी आली आणि शर्यत संपताच कोसळली. सोशल मीडियावर ‘ऑलिंपिकला फिरायला जातात’ असे टोमणे सुरू झाले.

१२० हा आकडा बघून हसणं सोपं आहे. पण मॅरेथॉनमध्ये उन्हाळ्यात १५-२० मिनिटं जास्त लागणं ही जगभर होणारी गोष्ट आहे. अनेक धावपटू तर अर्ध्यातून बाहेर पडतात. कवितानं शर्यत पूर्ण केली, तीही तीन तासांच्या आत. जगात हौसेनं मॅरेथॉन धावणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभरात एकदाही ते जमत नाही.

पुढची पिढी आणि एक ठेच

तोवर भोसलाच्या मैदानावर पुढच्या मुली तयार झाल्या होत्या. मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत मॅरेथॉनला भारताकडून उतरली.

त्याच वर्षी संजीवनी जाधवचं नाव देशभर झालं. जुलैमध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये कांस्य. ऑगस्टमध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य. २०१८ मध्ये चीनमध्ये आशियाई क्रॉसकंट्री स्पर्धेत कांस्य. वय जेमतेम २१. कवितानं दाखवलेल्या वाटेवरून ही तिच्या पुढे जाणार, असं सगळ्यांना वाटत होतं.

आणि मग ती बातमी आली.

जून २०१८ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडलं. दोन वर्षांची बंदी लागली. २०१९ च्या दोहा आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये मिळालेलं कांस्यही गेलं.

हे प्रोबेनेसिड काय आहे? हे औषध मूळचं १९४० च्या दशकातलं. पेनिसिलिन तेव्हा दुर्मीळ होतं आणि ते लघवीवाटे लवकर बाहेर पडायचं. मूत्रपिंडानं ते हळू बाहेर टाकावं म्हणून हे औषध दिलं जायचं. पुढे ते गाऊट या सांध्यांच्या आजारावर वापरलं गेलं. यानं वेग वाढत नाही. पण शरीरात दुसरं काही असेल, उदाहरणार्थ स्टेरॉइड, तर ते लघवीत कमी प्रमाणात उतरतं. म्हणून ते ‘लपवणारं औषध’ म्हणून बंदी असलेल्या यादीत आहे, स्पर्धा असो वा नसो.

डोपिंगविरोधी नियमांचं मूळ तत्त्व असं आहे की शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कसं आलं, कुणी दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे प्रश्न शिक्षा कमी करण्यासाठी विचारात घेतले जातात, पण दोष टळत नाही. नियम कडक आहे, आणि तो कडक असल्याशिवाय चालणारही नाही, कारण नाहीतर प्रत्येक जण ‘मला माहीत नव्हतं’ एवढंच सांगेल.

पण यातून आपल्या व्यवस्थेसमोर एक प्रश्न उभा राहतो. मोठ्या देशांतल्या धावपटूसोबत डॉक्टर, आहारतज्ज्ञ, औषध तपासून देणारा माणूस असतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीकडे राष्ट्रीय शिबिराबाहेर यातलं काय असतं? मेडिकलमधून घेतलेली गोळी, जिममधल्या कुणी दिलेली पावडर, सर्दीचं औषध, यातलं काय चालतं आणि काय नाही, हे तिला कोण सांगतं? हे शिक्षण शाळेच्या स्पर्धेपासूनच द्यायला हवं.

संजीवनी बंदी संपल्यावर परत आली. २०२४ मध्ये अमेरिकेत पोर्टलँडला ती १०,००० मीटर ३२ मिनिटं २२.७७ सेकंदांत धावली. दोन वर्षं स्पर्धेबाहेर राहून, नाव खराब झालेलं असताना पुन्हा सकाळी उठून पळायला लागणं किती अवघड असेल, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत असा प्रशिक्षक असता तर?

तुलना म्हणून थोडं तिकडं पाहू. अमेरिकेत खेळाचा पाया कॉलेजात आहे. तिथं कॉलेजचा फुटबॉल प्रशिक्षक आणि ‘अ‍ॅथलेटिक डायरेक्टर’ ही फार मोठी पदं मानली जातात. अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग हा माणूस १८९२ ते १९३२ अशी ४१ वर्षं शिकागो विद्यापीठात दोन्ही पदं सांभाळत होता आणि त्याला प्राध्यापकाचा दर्जा होता. सत्तरीला विद्यापीठानं निवृत्त केलं तर तो कॅलिफोर्नियात दुसऱ्या कॉलेजात गेला आणि तिथं आणखी १४ हंगाम शिकवलं. तो १०२ वर्षं जगला. आजच्या काळात अलाबामा विद्यापीठाच्या निक सेबन यांना वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त पगार होता. तिकीट, टीव्ही आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यातून हा पैसा येतो.

महाराष्ट्रातही वरिष्ठ महाविद्यालयांत ‘शारीरिक शिक्षण संचालक’ हे पद आहे, त्याला यूजीसीची वेतनश्रेणी आहे. पण त्यांच्याकडे पैसा कमी आणि कामं भरपूर : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाची निवड चाचणी, जिमखाना, क्रीडा गुणांचे फॉर्म.

अमेरिकेत प्रशिक्षक, मैदान, वसतिगृह, डॉक्टर आणि पदवी हे सगळं एका फाटकाच्या आत मिळतं. नाशिकच्या मुलीसाठी मात्र मैदान एका संस्थेचं, प्रशिक्षक साईचा, हजेरी कॉलेजची, परीक्षा पुणे विद्यापीठाची, शिबिर फेडरेशनचं आणि नोकरी मिळाली तर रेल्वे किंवा एखाद्या सरकारी कंपनीची. कविताला ओएनजीसीत नोकरी मिळाली होती. यातलं एक टोक सुटलं तरी खेळ थांबतो. ही टोकं हातात धरून ठेवण्याचं काम कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नाही. ते प्रशिक्षक करतो.

मग यातून शिकायचं काय?

एक म्हणजे, चांगला प्रशिक्षक एखाद्या जिल्ह्यात रुजला असेल तर त्याला तिथं राहू द्यायला हवं. लांब पल्ल्याच्या खेळात बदली म्हणजे एक पिढी वाया.

दुसरं, त्याच्या हाताखाली माणसं तयार व्हायला हवीत. आज नाशिकचं धावणं एका नावाभोवती फिरतंय. तो माणूस निवृत्त झाला की हे सगळं थांबणार असेल, तर ती व्यवस्था झाली नाही, योगायोग झाला. स्पर्धेतून निवृत्त झालेल्या धावपटूंना एनआयएसचा डिप्लोमा करून त्याच मैदानावर उभं करणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. हरसूलच्या मुलीशी तिच्याच बोलीत बोलणारी ताई घड्याळ घेऊन उभी असेल, तर घरच्यांना पटवायचं अर्धं काम आपोआप होतं.

तिसरं, रक्ताची तपासणी, पोषण आणि औषधांची माहिती या गोष्टी पदक आल्यावर द्यायच्या नसतात, पदकाच्या आठ वर्षं आधी द्यायच्या असतात.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पदक आलं की सत्कार होतात, फ्लेक्स लागतात. हे सगळं शर्यत जिंकल्यानंतरचं. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या शाळांमध्ये या वर्षीही तालुका स्पर्धा होतील, आणि त्यात एखादी मुलगी बाकीच्यांना अर्धी फेरी मागे टाकून पहिली येईल. तिचं नाव वहीत लिहून घेणारा आणि आठवड्याभरानं तिच्या घरी जाणारा कुणी त्या दिवशी मैदानावर हजर असेल का, पुढचं पदक त्यावर ठरणार आहे.